लिथियमचा पंख

१२ जानेवारी

धाकट्या भावाने आज घरात बॉम्ब आणला. त्याच्या भाषेत बॅटरी. चंदेरी पाकिटातली, चॉकलेटच्या वडीएवढी, लिथियमची. माझ्या एका हातात ती ठेवली आणि दुसऱ्या हातात आमची जुनी निकेलची. निकेलची म्हणजे वीट आणि ही म्हणजे त्या विटेला गुंडाळलेला कागद.

"आणि जोर?" मी विचारलं.

"दुप्पट."

"मग खोट कुठे आहे? असणारच."

"आपटली, टोचली, जास्त चार्ज केली तर पेटते."

"म्हणजे स्वभाव तुझाच," मी म्हटलं. आई पोट धरून हसली. तो नाही हसला. हल्ली त्याला गंमत कळेनाशी झाली आहे. लग्न झालेल्या माणसांचं असं होतं.

दिवसभर मी लोकांच्या कवळ्या करते. दवाखान्यांतून साचे येतात, मी मेणात दात बसवते, ज्यांची तोंडंही पाहिलेली नाहीत त्यांची हसू घडवते. संध्याकाळी विमानं करते. माझ्या उंचीपेक्षा लांब पंखांची, मोटरने वर जाणारी आणि मोटर बंद केली की नुसत्या हवेवर तरंगणारी. करते मी, रिमोट धाकट्याच्या हातात. मला उडवता येत नाही, कारण विमान जमिनीजवळ आलं की माझे डोळे आपोआप मिटतात. मैदानावर धाकट्याला 'ताईचा पायलट' म्हणतात. किती गोड नाव आहे.

गेल्या वर्षी स्पर्धेत दुसरे आलो, ते विटेवरच. मी लिथियमच्या विरोधात आहे.

१९ जानेवारी

लिथियम लावून पाहिली. विमानाचं नाक वर आणि शेपूट खाली, जणू जेवून उठलेला माणूस खुर्चीत मागे रेलावा. विटेचं वजन नाकात होतं म्हणून तर तोल होता. मैदानावरचे सगळे यावर एकच उपाय करतात, नाकात शिसं कोंबतात. धाकटाही खिशातून शिशाच्या गोळ्या काढायला लागला.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "वजन उतरवायला नवी बॅटरी आणि ते परत चढवायला शिसं? डोकं घरी ठेवून आलास का?"

आजूबाजूचे सगळे हसले. त्याने गोळ्या मुकाट्याने खिशात टाकल्या.

पण येताना गाडीत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. आपला पंख विटेसाठी काढलेला आहे. जाडजूड, हमालासारखा. ओझंच गेलं तर हमाल कशाला पोसायचा? पंख पातळ हवा, नाक लांब हवं, शिसं अजिबात नको. म्हणजे सगळंच नव्याने काढायला हवं. उद्या सकाळी दवाखान्याला कवळ्या पोचवायच्या आहेत आणि मी बसले आहे नाकाचा विचार करत.

विरोध मागे घेतला. कुणाला सांगितलेलं नाही.

२ फेब्रुवारी

नकाशा झाला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं, म्हणून दुसऱ्या कागदावर उतरवला. दात बसवून बसवून एक गोष्ट हातात मुरली आहे. रांग सरळ लावली तर माणूस घोड्यासारखा दिसतो. कडेला जाताना प्रत्येक दात केसभर वळवावा लागतो, तेव्हा कुठे बघणाऱ्याला ती रांग सरळ वाटते. पंखाचंही तेच केलं. टोकाकडे जाता जाता केसाकेसाने वळवला. पुस्तकात सांगतात त्यापेक्षा जरा जास्तच.

धाकटा बराच वेळ नकाशा बघत उभा होता. "इतका पातळ? टिकेल?"

"तू तुझे अंगठे सांभाळ. बाकी माझ्यावर सोड."

१६ फेब्रुवारी

आज पंखासाठी फोम कापायचा होता आणि धाकटा आलाच नाही. बायकोच्या माहेरची माणसं आली म्हणे. हे काम एकट्याचं नाही. धनुष्यासारख्या चौकटीत तार ताणलेली असते, वीज सोडली की ती तापते आणि लोण्यात सुरी जावी तशी फोममधून जाते. पण दोन्ही टोकांना माणूस हवा आणि दोघांनी एकाच लयीत फर्म्यावरून, म्हणजे फोमच्या कडेला लावलेल्या पंखाच्या आकाराच्या पट्टीवरून, सरकायला हवं. एक जण पुढे गेला की पंखाचा सत्यानाश.

"मी धरते की," आई म्हणाली.

"आई, हे लोकर गुंडाळण्याइतकं सोपं नाही."

"लोकर गुंडाळणं सोपं असतं असं तुला कुणी सांगितलं?"

फर्म्यावर आकडे लिहिलेले आहेत. आकडे आईच म्हणाली, मी तिच्या मागून सरकले. तिच्या हाताला अजून कंप नाही. पंख अखंड निघाला, एक ओरखडा नाही. आईने तो उचलून गालाला लावला.

"तुझ्या हातात काय आहे गं," म्हणाली. मग जरा वेळाने, "याने धाकट्याचं भलं होईल."

भलं कसलं, आम्ही पहिले येऊ.

९ मार्च

उडाला! खाली यायलाच तयार नव्हता. जुनं विमान मोटर बंद केली की जिना उतरल्यासारखं खाली यायचं. याला जिनाच सापडेना. पलीकडे घारी गोल फिरत होत्या, धाकट्याने तिकडे नेलं, तर घारींनी सरकून जागा दिली. शपथेवर सांगते, दिली. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून वारा सांगत होते, तशी मी नेहमीच सांगते. उतरताना डोळे मिटले. उघडले तेव्हा विमान गवतावर अलगद बसलेलं आणि धाकटा मला मिठी मारून उड्या मारत होता. किती वर्षांनी मिठी मारली त्याने.

गॉगलही होता. विमानांचे सुटे भाग खोक्यात घालून विकणारा कारखानदार, ढगाळ हवेतही गॉगल काढत नाही म्हणून हे नाव. त्याने पंखावरून बोट फिरवलं. मी पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेले होते, त्यामुळे अर्धंच ऐकलं. "कुणी काढला हा?" त्याने विचारलं, आणि धाकटा म्हणाला, "घरचाच आहे. आमचाच."

'आमचाच' म्हणाला. कानाला फार बरं वाटलं.

१३ मार्च

आईला अचानक लिथियमची भीती वाटायला लागली आहे. मी बॅटऱ्या बाल्कनीत वाळू भरलेल्या कुंडीत ठेवते, अर्ध्याच चार्ज करून. लिथियमला भरल्या पोटी ठेवायचं नसतं आणि उपाशीही, अर्धपोटी राहिली की ती टिकते. इतके दिवस आई त्या कुंडीला 'बॉम्बची कुंडी' म्हणून हसायची. आज म्हणते, "मला नको घरात. डोळ्याला डोळा लागत नाही."

धाकटा समोरच होता. "माझ्याकडे गच्चीवर ठेवतो ना. चार्जरही नेतो."

निघताना म्हणाला, "ताई, फर्मेही दे. तुझ्याकडे पाणीबिणी सांडलं तर? त्यांची एक प्रत करून ठेवतो."

एवढी काळजी! लग्नाबद्दल मी मागे लिहिलं होतं ते मागे घेते. फर्मे कागदात गुंडाळून दिले, वर 'उजवा', 'डावा' लिहिलं, नाहीतर हा उलटे लावायचा.

६ एप्रिल

बॅटऱ्या फुगल्या. चपट्या वडीची उशी झाली आहे. आणि जोरही गेला, विमान वर जाता जाता धापा टाकायला लागलं. आम्ही रविवारशिवाय उडवत नाही, तेही मोजकंच. मग एवढ्यात कशा फुगल्या?

"माल खराब दिला असणार," धाकटा लगेच म्हणाला.

त्याचा हात मात्र सुधारला आहे. आज मी सांगायच्या आधीच वारा ओळखून विमान वळवलं. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला त्याचं चीज झालं म्हणायचं. नाकाची साल निघाली आहे उन्हाने. ऑफिसचं बाहेरचं काम असतं हल्ली, म्हणाला. मी त्याला टोपी दिली. मुकाट्याने घातली, आमच्या घरात थँक्यू फक्त परक्यांना म्हणतात.

१२ एप्रिल

सेलवाल्याशी भांडले. घड्याळाच्या सेलपासून आमच्या बॅटऱ्यांपर्यंत सगळं विकणारं दुकान आहे त्याचं, तोंडाने फटकळ पण आजवर कधी खराब माल दिला नव्हता. मी फुगलेल्या बॅटऱ्या काउंटरवर आपटणार होते, पण त्या आपटायच्या नसतात, म्हणून हळूच ठेवल्या. त्यामुळे भांडणाची सुरुवातच फिकी झाली.

त्याने मीटर लावला, पुन्हा लावला. "बाई, या कपाटात बसून फुगलेल्या नाहीत. या राबलेल्या आहेत."

"आम्ही फक्त रविवारी उडवतो."

"मग बाकीच्या वारी कोण उडवतं?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. "स्वतःचा माल सडका आणि वर आम्हालाच विचारता? चोर तो चोर वर शिरजोर!"

त्याचा चेहरा लाल झाला. कपाटातून नव्या बॅटऱ्या काढून माझ्यापुढे सरकवल्या. "या घेऊन जा. पण खोटारडा म्हणू नका. माणूस पोटात काय वाटेल ते ठेवतो. बॅटरीला ते जमत नाही. तिच्याशी कसे वागलात ते तिच्या अंगावर उमटतं."

मी नव्या घेतल्या नाहीत. मैदानावरच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

१६ एप्रिल

भावजय माझ्या कामाच्या जागी आली. आजवर कधी आली नव्हती. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांकडे बघत बसून राहिली. मी कवळीतला एक दात घासत होते, हातातलं काम टाकता येईना.

"ताई, तो गुरुवारी कुठे जातो हे तुम्ही त्याला विचारता का कधी?"

"ऑफिसला."

"गुरुवारी आणि शनिवारी तो ऑफिसला नसतो." ओढणीचा कोपरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही त्याला विचारा. माझं नाव सांगू नका. मी तुम्हाला म्हणून सांगते आहे. तुमचं नुकसान होईल."

माझं कसलं नुकसान? झालं तर तिचं होईल. बिचारीला वाटतंय नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे. मी समजूत घातली, "आमचा धाकटा तसा नाही गं. त्याला खोटं बोलायला जमत नाही, लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे."

ती उठली. "तसं नाही ताई," एवढंच म्हणाली आणि गेली. बोलायचं तर नीट तरी बोलावं. मला ती पहिल्यापासून आतल्या गाठीची वाटते.

१७ एप्रिल

धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं. नवराबायकोत असा संशय बरा नव्हे, वेळीच निस्तरावा.

"तिने अजून काय सांगितलं?"

"काही नाही. माझं नुकसान होईल म्हणाली. वेडी कुठली."

"मी बघतो तिच्याकडे," म्हणाला.

२७ एप्रिल

धाकटा म्हणतो यंदाच्या स्पर्धेत उतरायला नको. बॅटऱ्यांचा भरवसा नाही, सेलवाल्याशी वाकडं, दुसरीकडून मागवायच्या तर वेळेत येणार नाहीत. "पुढच्या वर्षी जोरात करू, ताई." या पंखाला पहिला नंबर मिळालेला बघायचा होता मला, विटेवाल्यांच्या आणि शिसेवाल्यांच्या देखत. पण त्याचं खरं आहे. आकाशात बॅटरी गेली तर पंखाच्या चिंध्या होतील.

तोही माझ्यासाठीच सांगतो आहे. जाताना माझ्याकडे बघवेना त्याला, इतकं वाईट वाटलं होतं.

११ मे

क्रमाने लिहिते.

आज स्पर्धेचा दिवस. मी घरीच होते, उगाच कपाट आवरत. आई खिडकीशी बसली होती. पडदा हलला तसं म्हणाली, "वारा आहे गं आज. उतरवताना त्रास नाही ना होणार त्याला?"

"कुणाला?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आपलं असंच आलं तोंडात."

मी चपला घालून निघाले. का निघाले ते मलाही सांगता आलं नसतं. मैदानाच्या अलीकडे, बसच्या खिडकीतून, वर आकाशात मला माझा पंख दिसला. रंग वेगळा होता, लालभडक, खाली कारखान्याचा शिक्का. पण पंख माझा. आपलं मूल दुसऱ्याच्या कपड्यांत चालताना दिसलं तर चालीवरून ओळखणार नाही का? टोकाकडचं ते जास्तीचं वळण माझ्याशिवाय कुणी देत नाही.

माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही, की चोरी झाली. कुणीतरी धाकट्याच्या गच्चीवरून फर्मे चोरले. बिचाऱ्याला सांगायला हवं. बसमधून उतरून गवतातून धावत मी त्याला फोन लावला. आणि त्याच्या फोनची ती भसाडी घंटी माझ्या समोरच, रांगेत उभ्या असलेल्या पायलटांमध्ये वाजली. एकाच्या खिशात वाजत राहिली. त्याला घेता येत नव्हती, दोन्ही अंगठे रिमोटवर होते. डोक्यावर मी दिलेली टोपी होती.

फोन कानालाच धरून मी त्याच्यापर्यंत गेले. त्याच्या खांद्यामागे, माझ्या जागेवर, गॉगल उभा होता.

"ताई," धाकटा मान न वळवता म्हणाला. घंटी कुणाची ते त्याला कळलं होतं. विमानावरून नजर काढायची नाही, हे मीच शिकवलेलं.

"हा माझा पंख आहे."

"उतरू दे. मग बोलू."

"हा माझा पंख आहे," मी पुन्हा म्हटलं.

त्याचे कान लाल झाले होते. विमान उतरायला लागलं. तेवढ्यात वारा फिरला, मला गवतावरून दिसलं, त्याला दिसलं नाही. पंख एका अंगाला कलायला लागला. "वारा?" तो म्हणाला. सवयीने म्हणाला. गॉगल म्हणाला, "समोरून, समोरून."

"डावीकडून," मी म्हटलं. "नाक डावीकडे घे. अजून. थोडं अजून. आता सोड."

विमान नेमकं खुणेवर बसलं. टाळ्या पडल्या. मी सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

का सांगितलं मी? गप्प राहिले असते तर ते आपटलं असतं. पण पंखाने काय गुन्हा केला होता?

मागे टेबलावर खोकी रचलेली होती. प्रत्येक खोक्यावर धाकट्याचा फोटो, हातात विमान, ओठांवर हसू. गॉगल माझ्याकडे वळला तसा धाकटा घाईने म्हणाला, "ही माझी ताई. कवळ्या करते."

"वा वा," गॉगल म्हणाला. "काय पंख काढलाय हो तुमच्या भावाने! लिथियमसाठीच जन्मलेला पंख. दोन महिने आमच्याकडे आठवड्यातून दोनदा घाम गाळलाय पठ्ठ्याने."

मी तिथून निघाले. मागून हाक आली नाही.

१२ मे

कामावर दोन साचे उलटे ओतले.

आईशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवून राग धरता येत नाही.

"तुला ठाऊक होतं."

आई तांदूळ निवडत राहिली.

"बॅटरीची भीती वाटते म्हणालीस. ते त्याने सांगायला लावलं?"

"तार धरली तेव्हा नव्हतं ठाऊक," आई म्हणाली. "नंतर आला माझ्याकडे. रडला. ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही, कारखान्यात घेतो म्हणाले, स्वतःचं काहीतरी घेऊन ये म्हणाले. तुझं काय, तुझं छान चाललंय. तुझा हात तुझ्याकडेच आहे, तू अजून दहा काढशील."

"मागितला असता तर दिला असता मी."

"दिला असतास," आई म्हणाली, "आणि जन्मभर ऐकवला असतास."

याचा अर्थ काय? मी कुणाला कधी काय ऐकवलं? दिवसभर विचार करते आहे, मला एकही प्रसंग आठवत नाही.

१८ मे

धाकटा आला. बसला नाही, उभ्यानेच बोलला. कुठल्यातरी दुकानाची पिशवी हातात होती, ती ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"एकदा तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू पंखाबरोबर कारखान्यात आली असतीस. पहिल्या दिवशीच गॉगलसमोर म्हणाली असतीस, अरे शहाण्या, डोकं घरी ठेवून आलास का."

"ती गंमत असते."

"तुझी असते." पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. "मैदानावर माझं नाव किती जणांना माहीत आहे ते विचार. इतकी वर्षं मी कोण होतो? तुझे दोन अंगठे."

"म्हणून चोरी करायची?"

"तुझ्याकडे राहिला असता तर कपाटावर पडून राहिला असता तो. रविवारी काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. आता शंभर जण उडवतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गॉगलशी बोललो आहे मी. पंख घासून गुळगुळीत करायला चांगला हात हवा आहे त्यांना. तू ये. घरचंच आहे असं समज."

माझाच पंख, मी मजुरीवर घासायचा. हे तो मनापासून, माझं भलं करायला आल्यासारखं म्हणत होता. त्याचंच मला जास्त लागलं.

गॉगलकडे जाऊन सगळं सांगावं असं दहादा मनात येतं. मग खोक्यावरचा तो फोटो डोळ्यापुढे येतो. तसा हसरा फोटो त्याचा आमच्या घरात एकही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला तोडायचं?

२४ मे

सेलवाल्याकडे गेले. चुकले म्हणाले. त्याने ऐकून घेतलं, घड्याळात सेल घालत.

"माझ्याबद्दल बोललात मैदानावर," तो म्हणाला. "चूक इथे कोपऱ्यात कबूल करता होय? जेवढ्या मोठ्याने बोललात तेवढ्याच मोठ्याने तिथे मागे घ्या."

माणूस गोड बोलला असता तर मी रडले असते. बरं झालं.

२५ मे

मैदानावर मोठ्याने मागे घेतलं. कुणीतरी विचारलं, "मग बॅटऱ्या फुगल्या कशाने?" मी म्हटलं, आमच्याकडूनच जास्त वापरल्या गेल्या. धाकटा रांगेत उभा होता, जमिनीकडे बघत.

८ जून

भावजय आली. बरीच वाळली आहे. मी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"मी विश्वासाने सांगायला आले होते, ताई. तुम्ही त्यालाच सांगितलंत."

"माझा भाऊ आहे तो. मला वाटलं..."

"दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. सासूबाई फोन घेत नाहीत."

मी विश्वासघात विश्वासघात करत घरभर फिरते आहे आणि ही माझ्यासमोर बसून तोच शब्द न उच्चारता तोच आरोप माझ्यावर करत होती. चहा केला. दोघींनी न बोलता प्यायला. जाताना तिने कप विसळून ठेवला. परक्या घरी ठेवावा तसा, पालथा.

२९ जून

संध्याकाळी दार वाजलं. धाकटा. या वेळी बूट न काढताच दारात उभा. मागे खांद्याला लाल पंखाचे दोन तुकडे.

"ताई, कारखान्याचे पंख फडफडतात. जोरात सूर मारला की थरथरायला लागतात आणि मधून मोडतात. चौथा आहे हा. काल एका बाईच्या पायाजवळ पडला. आपला कधी थरथरला नाही. फर्मे तेच, फोम तोच, बॅटरी तीच. मी सगळं करून पाहिलं." त्याचा चेहरा उतरला होता. "त्यांना वाटतं माझं गणित चुकलं. सोमवारी मला विचारणार आहेत."

मी तुकडा हातात घेतला. मोडलेल्या जागी बघितलं आणि लगेच कळलं. फोमवर काचेचं कापड चिकटवतात, ते त्यांनी सरळ लावलं होतं, ठाणातून निघेल तसं. त्याने पंख वाकत नाही, पण पिळला जातो. मी कापड तिरपं कापून लावते, कोपरा ते कोपरा. कापड जास्त वाया जातं. हे नकाशात नव्हतं, फर्म्यावरही नव्हतं. तो कधी कापड लावायला बसलाच नव्हता, त्याला ते चिकटवायच्या रेझिनचा वास सहन होत नाही.

आई आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिचा आवाज थांबला होता, ऐकत होती.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. तूच शोध, पंख तुझा आहे ना, हे वाक्य कितीतरी दिवस तयार करून ठेवलं होतं. खूप चांगलं वाक्य होतं. पण पुढचा तुकडा कुणाच्या पायाजवळ नाही, डोक्यावर पडेल. आणि तो दारात असा उभा होता, लहानपणी काच फोडून आल्यावर उभा राहायचा तसा. मी वाट पाहिली. वाटलं, आता तरी म्हणेल, ताई, चल माझ्याबरोबर, मी सांगतो त्यांना पंख कुणाचा आहे. एक वाक्य. मी चपला घालायला तयार होते.

तो म्हणाला, "काही कळतंय का?"

"कापड तिरपं लावायला सांग," मी म्हटलं. "कोपरा ते कोपरा. दोन्ही पंखांवर, वरून आणि खालून."

त्याने दोनदा ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. चेहरा उजळला. सोमवारी काय सांगायचं ते त्याला सापडलं होतं. तुकडे खांद्याला लावले आणि एक पायरी उतरून मागे वळला.

"थँक्यू हं, ताई."

जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज खाली गेला. मी दार लावलं.

"काय म्हणाला गं?" आईने आतून विचारलं.

"थँक्यू म्हणाला."

आई टॉवेल हातात तसाच धरून दारापर्यंत आली. माझ्याकडे बघत राहिली.

"तुला?" म्हणाली.